शाळेला विटलेलीं मुलें आणि उपयोगाचें काम

(ज्युबिलीच्या निमित्तानें लोणी काळभोर येथें पालक व शिक्षक यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेंत गेल्या वर्षांचा गौरव करावा, उभारलेल्या वास्तूंचीं व झटलेल्या मंडळींचीं नांवें घ्यावीं, अशी रीत आहे. तें काम माझ्या आधींच्या वक्त्यांनीं माझ्याहून चांगलें केलें आहे. मला ज्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे तीं मुलें या मंडपांत नाहींत. तीं बाहेर आहेत. कांहीं सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजपाशीं उभीं असतील, कांहीं कालव्याच्या कांठीं एका मोबाईलभोंवतीं मान खालीं घालून बसलीं असतील. त्यांचें वय अकरा ते चौदा; इयत्ता पांचवी ते आठवी. शाळेच्या पटावर त्यांचीं नांवें आहेत, हजेरीही पुष्कळदां लागते. परंतु शाळेवरून त्यांचें मन उडालें आहे. अशा मुलाला 'वाया गेलेला' म्हणण्याची आपल्याला फार घाई असते. तेरा वर्षांच्या पोराला वाया जावयास तरी वेळ कोठें मिळाला, हें आपण पाहत नाहीं.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेंत हक्काची जागा दिली. ही लहान गोष्ट नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली होती, ती कायद्याच्या रूपानें पुरी व्हावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. तथापि कायदा मुलाला बांकावर बसवूं शकतो; बांकावर बसलेल्या मुलाच्या मनाचें काय, हा प्रश्न शिक्षकाचा, आईबापांचा व आपणां सर्वांचा आहे.

तो प्रश्न केवढा मोठा आहे हें 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' नांवाच्या पाहण्यांवरून दिसतें. २०२३ सालीं देशांतील निवडक ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांपैकीं सुमारें पाव मुलांना आपल्याच भाषेंतील दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचतां आला नाहीं. आणि तीन अंकी संख्येस एका अंकानें भागण्याचें उदाहरण निम्म्याहून अधिक मुलांना सुटलें नाहीं. पुढच्या वर्षीं, म्हणजे २०२४ सालीं, त्याच संस्थेनें ग्रामीण भागांतील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना मोबाईलविषयीं विचारलें. शंभरांत ८२ जणांना स्मार्टफोन वापरतां येत होता. आठवड्याभरांत अभ्यासासाठीं तो वापरल्याचें ५७ टक्क्यांनीं सांगितलें, व सोशल मीडियासाठीं वापरल्याचें ७६ टक्क्यांनीं. म्हणजे ज्या बोटांना भागाकार जमत नाहीं, तींच बोटें त्या यंत्रावर कोणाच्या शिकवण्याविना सराईतपणें फिरतात. मग मुलाला शिकतां येत नाहीं असें म्हणावयाचें कसें?

शिक्षक म्हणतात, मुलगा आळशी आहे. आईबाप म्हणतात, मोबाईलनें बिघडला. दोहोंत थोडें तथ्य आहे. परंतु मला वाटतें, रोगाचें मूळ निराळें आहे. या मुलाच्या हातून झालेल्या कामाची कोणी वाट पाहत नाहीं. तो वहींत गणित सोडवितो. गुरुजी त्यावर लाल शाईची खूण करतात. वर्षाच्या अखेरीस ती वही रद्दींत जाते. गणित बरोबर आलें काय आणि चुकलें काय, जगांत कोणाचें कांहीं अडत नाहीं. लहान मूल गुरुजींच्या शाबासकीवर खूष असतें. मोठा मुलगा पुढच्या परीक्षेचा हिशेब करूं शकतो. हा मधला मात्र शाबासकीला विटला आहे, आणि परीक्षा त्याला दूर वाटते. त्याला आज, आतां, कोणाच्या तरी उपयोगीं पडावयाचें असतें, व तें त्याला बोलून दाखवितां येत नाहीं. गॅरेजवाला त्याला नुसता पाना आणून द्यावयास सांगतो, तेवढ्यासाठीं तो तेथें दोन तास उभा राहतो.

आतां मी तुम्हांस एका गांवाची हकिकत सांगतों. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांत, शिकरापुरावरून पुढें गेलें म्हणजे पाबळ लागतें. मस्तानीची कबर तेथें आहे, म्हणून कित्येकांनीं तें नांव ऐकलें असेल. पाऊस कमी, जमीन कोरडवाहू. अशा त्या गांवीं १९८३ सालीं डॉक्टर श्रीनाथ कलबाग नांवाचे शास्त्रज्ञ राहावयास गेले. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत त्यांनीं अन्नतंत्रशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती, व मुंबईस हिंदुस्तान लीव्हर कंपनीच्या संशोधनशाळेंत ते मोठ्या हुद्द्यावर होते. तें सारें सोडून, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनीं पाबळला 'विज्ञान आश्रम' काढला. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचें तें एक केंद्र होतें. (माझ्या वयाच्या माणसानें ही गोष्ट ऐकली म्हणजे थोडें ओशाळल्यासारखें होतें, या वयांत आपण बहुधा गुडघ्यांवरच्या तेलाची चौकशी करीत असतों.)

कलबागांनीं कोणतीं मुलें घेतलीं? शाळेनें सोडलेलीं, किंवा शाळा ज्यांनीं सोडली तीं. आठवीपर्यंत कसेंबसें पोंचलेल्या मुलाला तेथें एक वर्ष राहून शिकतां येतें. लोखंडाचें जोडकाम, बांधकाम, विजेची जोडणी, शेती व जनावरांची निगा, घर व आरोग्य, असे विषय. पण ते विषय पुस्तकांतून उतरवून घ्यावयाचे नसतात. गांवांत कोणाला फाटक हवें असतें, कोणाला गोठ्याचें छप्पर, कोणाच्या घरांत विजेच्या तारा ओढावयाच्या असतात; तें काम मुलें शिक्षकाबरोबर करतात, आणि काम करून घेणारा त्याचे पैसे देतो. फाटक वांकडें झालें तर तें घेणारा घेत नाहीं. येथें लाल शाईची गरजच उरत नाहीं.

या मुलांनीं केलेल्या कामांपैकीं दोनच सांगतों. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांस जोडून उभारलेलीं घुमटाकार घरें तुम्हांस पाबळला आजही दिसतील. त्रिकोणाची प्रत्येक बाजू ठरल्या मापाची नसेल तर घुमट मिटत नाहीं, हें तेथील मुलाला पाठ करावें लागत नाहीं. तें त्याच्या हातांनाच कळतें. दुसरें काम भूगर्भांतील पाणी शोधण्याचें. जमिनींत खुंट्या ठोकून विजेचा प्रवाह सोडावयाचा, जमीन त्याला किती रोध करते तें यंत्रानें मोजावयाचें, आणि त्यावरून खालीं पाणी असण्याचा संभव ठरवावयाचा. ज्या तालुक्यांत शेतकरी कोरड्या विहिरीपायीं कर्जांत बुडतो, तेथें हें मोजमाप घेणाऱ्या पोराकडे शेतकरी कसा पाहत असेल याची कल्पना करा. ज्याला काल गुरुजींनीं 'दगड' म्हटलें होतें, त्याच्या तोंडाकडे आज सारें घर डोळे लावून बसलेलें असतें. त्या मुलाला आंकडे वाचण्याची, आलेख काढण्याची व दशांश चिन्हाची किंमत सांगावी लागत नाहीं.

पुढें शाळेंत टिकून असलेल्या मुलांसाठींही विज्ञान आश्रमानें याच पद्धतीचा अभ्यासक्रम केला व राज्याच्या माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाची त्यास मान्यता मिळाली. आठवी ते दहावीच्या वर्गांत, आठवड्यांतून एक दिवस. यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती, आणि घर व आरोग्य असे चार भाग. शिकवावयास गांवांतलाच कारागीर येतो. मुलें मातीची परीक्षा करतात, रक्तगट पाहतात, रोपें वाढवितात, सांडपाण्याचे नळ जोडतात. हें सर्व मुलींनींही करावयाचें असतें, आणि स्वयंपाकाचे व आरोग्याचे धडे मुलांनींही घ्यावयाचे असतात. २००२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्यानें पाबळला 'फॅब लॅब' निघाली. संगणकावर आकृति काढावी आणि यंत्रानें ती वस्तु कापून द्यावी, अशा प्रकारची ही कर्मशाळा. पुढें साऱ्या जगांत अशा कर्मशाळा पसरल्या. त्यांतील अगदीं पहिल्यांपैकीं एक आपल्या जिल्ह्यांतील या कोरडवाहू गांवीं आहे. कलबाग २००३ सालीं वारले. आश्रमाचें काम चालू आहे.

आतां कोणी म्हणेल, यांत नवें तें काय? खरें आहे, विचार जुना आहे, आणि आपल्याकडे तो अनेकदां फसलेलाही आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण हा विचार मांडला व डॉक्टर झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याचा अभ्यासक्रम केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांतील मुलें आपल्या श्रमांनीं शिकलीं. पुढें १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभव व समाजसेवा हे दोन्ही शिक्षणाचे भाग असावेत असें सांगितलें. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे संस्थापकही तेच. म्हणजे कोठारी आयोगापासून पाबळपर्यंतचा धागा तुटलेला नाहीं.

परंतु बहुतेक शाळांत या 'कार्यानुभवा'चें काय झालें तें तुम्ही जाणतां. मुलांनीं घोटीव कागदाचे पंखे करावे, आईनें तोरण विणून द्यावें, आदल्या रात्रीं बाजारांतून एखादी वस्तु विकत आणावी, गुरुजींनीं गुण द्यावे आणि वस्तु कपाटांत पडावी. हातांना काम मिळालें, पण त्या कामाला घेणारा नव्हता. वहींतलें गणित जसें कोणाच्या उपयोगाचें नव्हतें, तसाच हा पंखाही. मुलें भाबडीं नसतात. खोटें काम त्यांना लगेच ओळखूं येतें.

दुसरें कारण अधिक खोल आहे, व तें या सभेंत स्पष्ट बोललेंच पाहिजे. आपल्यांपैकीं कित्येकांचे आजे-पणजे जन्मानेंच ठरवून दिलेल्या कामांत पिढ्यान्‌पिढ्या जखडलेले होते. त्यांच्या हातांना कामाची कधींच वाण नव्हती. वाण होती ती पाटी-पुस्तकाची. म्हणून ज्या आईनें पोटाला चिमटा घेऊन मुलाला शाळेंत घातलें, तिला कोणी सांगूं लागला कीं, 'बाई, तुमच्या मुलाला सुतारकाम शिकवितों', तर तिच्या मनांत संशय येतो: साहेबाच्या मुलाला संगणक, आणि माझ्याला पुन्हां रंधा? हा संशय अज्ञानाचा नव्हे. तो अनुभवाचा आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावांचून ही योजना पुढें रेटण्याचा मला किंवा कोणालाही अधिकार नाहीं.

माझें उत्तर असें. काम हें पुस्तकाच्या ऐवजीं द्यावयाचें नाहीं. पुस्तकाकडे परत नेणारी वाट म्हणून द्यावयाचें आहे. फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें जो अभ्यासक्रम सुचविला त्यांत मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्याबरोबरच शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान होतें. त्यांनीं एक देऊन दुसरें काढून घेतलें नाहीं. आणि दुसरी अट ही कीं, हें काम वर्गांतील सर्वांनीं करावयाचें. शेवटच्या बांकावरच्यांना वेगळें काढून नव्हे. पहिल्या क्रमांकाच्या मुलीनें पाना धरावा आणि नापास मुलानें हिशेब लिहावा, असें झालें तरच ती आई विश्वास ठेवील. व तिनें तोंवर ठेवूंही नये.

हें प्रत्यक्षांत कसें उतरेल, याचें एक साधें उदाहरण घेऊं. सातवीच्या पांच मुलांना सांगा कीं, आपल्या वस्तींतील गळणारे नळ शोधा. गळक्या नळाखालीं एक लिटरची बाटली ठेवावयाची आणि ती किती वेळांत भरते तें मोबाईलच्या घड्याळावर पाहावयाचें. दहा मिनिटांत भरली, तर तासाला सहा लिटर, अहोरात्रांत १४४ लिटर. असे सात नळ सांपडले तर दिवसाला १००८ लिटर. म्हणजे गच्चीवर आपण जी हजार लिटरची टाकी बसवितों, तशी एक टाकी रोज मातींत जाते. प्रत्येक बाटली एकाच वेगानें भरणार नाहीं. तेव्हां सरासरी काढावी लागेल. ज्याला गुणाकार येत नाहीं तो येथें अडेल, आणि अडला कीं शिक्षकाकडे स्वतः होऊन येईल. शिकविण्याची वेळ ती. मग नळकाम करणाऱ्या आपल्यांतीलच एखाद्या गृहस्थानें वायसर कसा बदलावयाचा तें दाखवावें, मुलांनीं तो बदलावा, आणि आठ दिवसांनीं पुन्हां जाऊन बाटली लावावी. नळ पुन्हां गळत असेल तर कां? वायसर हलका होता, कीं बसविणाऱ्याचा हात? शेवटीं झालेल्या कामाचा कागद तयार करून गांवचा पाणीपुरवठा पाहणाऱ्यांना द्यावा. तो कागद शुद्ध मराठींत लिहावा लागेल, कारण तो वाचणारा माणूस खरा आहे.

या एका नळांत गणित आलें, विज्ञान आलें, भाषा आली. आणि आणखीही एक गोष्ट आली. मुलाला एखाद्या म्हातारीच्या दारांत उभें राहून, 'आजी, तुमचा नळ कधींपासून गळतो?' असें विचारावें लागलें. ज्या पोराला घरांत सारे ऐकवितात, त्याला कोणाचें तरी ऐकून घ्यावें लागलें. म्हातारी आपली सारी रामकहाणी सांगेल. तीही त्यानें ऐकावी. तिच्यावर उपकार करावयास आपण आलों आहों अशा तोऱ्यानें तो गेला, तर काम होऊनही शिक्षण झालें नाहीं असें मी समजेन. म्हणून अशा प्रत्येक फेरीनंतर मुलांनीं एकत्र बसून वहींत लिहावें: काय पाहिलें, काय समजलें नाहीं, हें असें कां आहे, आणि तें कोणीं सुधारावयास हवें. सेवा व शिक्षण यांची गांठ या बैठकींत पडते. ती बैठक गाळली कीं उरते ती नुसती फुकट मजुरी.

आपल्या लोणीला अशा कामांची वाण नाहीं. हें गांव आतां पुरतें खेडें राहिलें नाहीं व पुरतें शहरही झालें नाहीं. इकडे ऊंस, तिकडे पेट्रोलच्या टाक्या व टँकरांच्या रांगा. मधून कालवा, शेजारून मुळा-मुठा. साऱ्या पुणें शहराचें पाणी वापरून झाल्यावर नदी आपल्याकडे येते, आणि कोणत्या स्थितींत येते तें नाकालाच कळतें. विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं, हें तपासण्याची लहान बाटली मिळते; पाणी भरून उबेंत ठेवावें, मैल्याचा दोष असेल तर एक-दोन दिवसांत तें काळें पडतें. सहावींतलें मूलही हें करूं शकतें. अर्थात् शंका आलेलें पाणी पुढें प्रयोगशाळेंतच पाठवावें लागतें. मुलांच्या बाटलीवरून कोणाची विहीर बदनाम करूं नये. पावसाळ्यांत पर्जन्यमापक लावावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचें छप्पर दोनशें चौरस मीटर असेल आणि दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन हजार लिटर पाणी पन्हाळींतून वाहून गेलें. हा हिशेब मुलांनीं एकदां केला म्हणजे पन्हाळीखालीं पिंप ठेवा असें त्यांना सांगावें लागणार नाहीं. सोलापूर रस्ता ओलांडतांना मुलांची व वृद्धांची कोठें अडचण होते, याची नोंद व नकाशा मोबाईलवर करतां येईल. मात्र ती मोठ्या माणसांबरोबर, रस्त्याच्या कडेनें, भलतें धाडस न करतां.

मोबाईलचें नांव वारंवार निघालें, तेव्हां त्याविषयीं थोडें. मी त्याचा शत्रु नाहीं. मुलाच्या हातांतून तो हिसकावून घेतल्यानें मूल पुस्तकाकडे वळलें, असें मला फारसें आढळलें नाहीं. तें बहुधा शेजारच्या मुलाच्या मोबाईलकडे वळतें. त्याच यंत्राला दुसरें काम दिलें तर? त्याच्यांत कॅमेरा आहे, घड्याळ आहे, नकाशा आहे, ध्वनि टिपण्याची सोय आहे. ज्यानें काल रात्रीं दोन तास परक्यांचीं चित्रें पाहिलीं, त्यानें आज गळक्या नळाचें आधीचें व नंतरचें चित्र घ्यावें, आपल्या आजीची दुष्काळाची आठवण तिच्याच आवाजांत टिपावी, किंवा शेजारच्या वृद्ध गृहस्थांना पेन्शनच्या हयातीचा दाखला मोबाईलवरून भरण्यास मदत करावी. या शेवटच्या कामांत मात्र सावध राहिलें पाहिजे: दुसऱ्याचा आधार क्रमांक, बँकेचा अंक वा गुप्त संकेत मुलानें लिहून ठेवूं नये, वृद्ध माणसानें स्वतःच्या हातानें भरावें, मुलानें शेजारीं बसून वाट दाखवावी. परक्याचें गुपित राखण्याचा धडा मिळतो तोही येथेंच.

२०१६ पासून सरकारनें देशांतील हजारों शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' काढल्या. सहावी ते बारावीच्या मुलांना वस्तु जोडावयास, मोडावयास मिळाव्या हा हेतु. हेतु उत्तम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत; त्या दिवसांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशीं जाऊन काम पाहावें व करावें. म्हणजे आपण जें करूं पाहतों त्याला धोरणाचा आधार आहे. परंतु माझा अनुभव असा कीं, महाग यंत्र आलें म्हणजे त्याला आधीं कुलूप येतें, आणि किल्ली ज्याच्यापाशीं असते तो नेमका रजेवर असतो. म्हणून आरंभ बाटली, पाना व वहीनें करावा. मुलांना एखाद्या यंत्राची खरोखरच नड भासूं लागली म्हणजे तें मागावें.

धोक्याच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे मुलांच्या श्रमाचा लोभ. २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालमजुरीच्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास, थोडे अपवाद सोडून, सर्वत्र बंदी आहे, आणि ती योग्य आहे. देवळाचें आवार झाडून घ्यावयाचें आहे, चला आणा मुलें; समारंभाच्या खुर्च्या लावावयाच्या आहेत, आणा मुलें; याला सेवेंतून शिक्षण म्हणतां येणार नाहीं. त्यांत मुलाला शिकावयास कांहीं नाहीं व त्याच्यावांचून कांहीं अडतही नाहीं. हें मी स्वतःलाही बजावतों, कारण हा मोह धर्मगुरूंना फार असतो. ट्यूरिन शहरांत १८४० नंतर रस्त्यांवर हिंडणाऱ्या मुलांना गोळा करणारे संत जॉन बॉस्को या बाबतींत फार दक्ष होते. मुलाला कारागिराकडे ठेवतांना ते लेखी करार करून घेत: मालकानें त्याला मारूं नये, धंद्याच्या शिक्षणाव्यतिरिक्त दुसऱ्या कामांस जुंपूं नये, सणाच्या दिवशीं सुट्टी द्यावी. मुलावरचें प्रेम त्यांनीं नुसतें प्रार्थनेंत ठेवलें नाहीं, तें कागदावर आणून त्याखालीं सही घेतली. दुसरी गोष्ट इजेची. विजेचें जोडकाम, उंचावरचें काम, लोखंड जोडणें हें या वयाच्या मुलांना देऊं नये. पाहूं द्यावें, करावयास मोठेपणीं मिळेल. नदीच्या पाण्यांत त्यांना उतरवूं नये. मुलींच्या गटाबरोबर एक बाई असलीच पाहिजे.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम पुरा करावयाचा, निवडणुकीचें व गणतीचें काम आहेच, त्यांत हें आणखी एक ओझें. म्हणून हें ओझें एकट्या शिक्षकावर टाकूं नये. आपल्या धर्मग्रामांत नळकाम करणारे आहेत, वायरमन आहेत, गवंडी आहेत, परिचारिका आहेत, डेपोंत व कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले फिटर आहेत. कित्येकांना वाटतें, आपलें शिक्षण बेताचें, आपण मुलांना काय शिकवावें? त्यांनीं पाबळ आठवावें. तेथें शाळेंत शिकवावयास गांवचाच कारागीर येतो. आणि ज्या मुलानें आपल्या बापाला आजवर 'नुसता प्लंबर' समजून त्याची लाज बाळगली, तो त्याच बापाला वर्गापुढें उभा राहून शिकवितांना पाहील, तेव्हां त्या घरांत काय बदलेल तें मी आतां सांगत नाहीं; तुम्ही पाहालच.

सारींच मुलें याला लागतील असें मी म्हणत नाहीं. कांहीं दोन फेऱ्या करून कंटाळतील. कांहींचें दुःख शाळेचें नसून घरचें असतें. दारू, भांडण, आजार, बापाची सुटलेली नोकरी. तेथें वायसर बदलून भागत नाहीं. त्या घरीं आपणांलाच जावें लागतें. पण ज्यांचें मन केवळ रिकाम्या शिक्षणानें उडालें आहे, अशीं मुलें थोडीं नाहींत, आणि आठवी संपली कीं तीं हातचीं जातात. आपल्याला दोन-तीन वर्षें मिळतात, अधिक नाहींत.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारीं सकाळीं नळांच्या मोजणीनें आरंभ करण्याचा विचार मुख्याध्यापकांशीं व शिक्षकांशीं बोलून ठरविला आहे. पांच-पांच मुलांचे चार गट; प्रत्येकांत सर्व प्रकारचीं मुलें, हुशार तशीं मागें पडलेलीं, मुलगे तसे मुली; जीं मुलें ख्रिस्ती नाहींत तींही अर्थातच. प्रत्येक गटास एक शिक्षक व एक कारागीर. बाटल्या घरूनच आणावयाच्या; वायसर, पाने व वह्या यांचा खर्च ज्युबिली फंडांतून करण्यास समितीनें संमति दिली आहे. महिन्यांतून दोन शनिवार, दोन-दोन तास, एवढीच मागणी आहे. ज्यांना येतां येईल त्यांनीं आपलें नांव व येत असलेलें काम देवळाच्या मागच्या दारापाशीं ठेवलेल्या वहींत लिहावें. लिहितां येत नसेल त्यांनीं तेथें बसलेल्या मुलाला सांगावें. तो लिहून घेईल.